संध्याकाळी सातनंतर

मुन्स्टर, सप्टेंबरअखेर

प्रिय आई आणि आजी,

हे पत्र तुकड्यातुकड्यांनी लिहितेय. काल दोन ओळी लिहिल्या आणि झोप लागली. दिवसभर जर्मन ऐकून डोकं इतकं शिणतं की संध्याकाळी मराठीसुद्धा सावकाश सुचतं. फोन रोज होतो, पण आजीला कागद हातात हवा असतो, म्हणून हे. कागद पातळ घेतलाय. वीस ग्रॅमपर्यंत सव्वा युरोचं तिकीट, त्यावर गेलं की जास्त, आणि युरोला शंभर रुपये धरून हिशेब केला की प्रत्येक गोष्ट जड वाटते.

आधी जेवणाचं सांगते, कारण आई, तुझा पहिला प्रश्न तोच असतो. इथे गरम जेवण दुपारी. संध्याकाळी सहाला टेबलावर पाव, लोणी, चीज, काकडीच्या चकत्या आणि कच्चा मुळा येतो, आणि तेच रात्रीचं जेवण. शेगडी पेटत नाही. पहिल्या दिवशी मी थोडंसंच घेतलं, कारण मला वाटलं यानंतर खरं जेवण येईल. मग सगळे उठले आणि ताटल्या विसळायला लागले. पाव तऱ्हेतऱ्हेचे असतात. या भागातला पुंपरनिकेल म्हणून राईचा काळा पाव आहे, तो मंद आचेवर कमीत कमी सोळा तास भाजतात, त्यामुळे त्याला आपसूक गोडसर चव येते. तो मला आवडतो. बाकीचे नुसते खाते. आणि आग्रह कुणी करत नाही. 'नको' म्हटलं की ताटली पुढे जाते. मी आता पहिल्यांदाच 'हो' म्हणते.

नऊ वाजता मला वरणभाताची भूक लागते. पोट भरलेलं असतं तरी लागते. शनिवारी स्टेशनजवळच्या दुकानात तूरडाळ मिळाली, किलोला साडेचार युरो. हळदीची एवढीशी पुडी दीड युरोला घेतली. सांगलीच्या मुलीने हळद विकत घ्यायची, आणि तीही ग्रॅमवर! आजी, तू बरणी भरून द्यायला निघाली होतीस आणि मी सामानाचं वजन पुढे केलं, ते आठवलं.

सकाळी बारा अंश असतात आणि शाळेतली मुलं टीशर्टवर असतात. मी तुझा राखाडी स्वेटर घालते.

मला एक सायकल दिलीय, इथल्या बहिणीची जुनी, म्हणजे मी ज्यांच्या घरी राहते त्यांच्या मुलीची. तिचं पेडल मागे फिरवलं की ब्रेक लागतो. या गावात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत म्हणतात, आणि स्टेशनसमोर तीन हजारांवर सायकलींचा तळ आहे. जुन्या तटबंदीच्या जागी आता गावाभोवती साडेचार किलोमीटरचा गोल रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडं, मोटारींना मज्जाव. तिथे आजोबा, पोरं, कॉलेजची मुलं, दप्तर लटकवलेल्या बायका, सगळे एकामागून एक जात असतात.

आई, एक गोष्ट बाबांना तूच सांग. काल मी त्या रस्त्यावरून रात्री नऊला एकटी घरी आले. मला कुणी सोडायला नव्हतं आणि न्यायलाही नव्हतं. घरात शिरले तर इथली आई पुस्तक वाचत होती. तिने मान वर करून विचारलं, 'दिवा नीट चालला ना?' बस्स.

आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली का ते कळवा.

तुमची
छोटी

*

मुन्स्टर, नोव्हेंबर

प्रिय सगळे,

भडंग पोचलं! पाकीट फोडलं आणि खोलीत लसणाचा वास पसरला. थोडं सादळलंय, पण मी तव्यावर गरम केलं. इथल्या बाबांनी वाटीभर खाल्लं, पाणी प्यायले आणि परत वाटी पुढे केली. लाडू मात्र पाठवू नका. दुधातुपाचे पदार्थ युरोपबाहेरून टपालाने आणायला कायद्याने बंदी आहे, पार्सल अडकेल. दिवाळीला मी पणती लावली, शाळेला सुट्टी होती म्हणून बरं. तुम्ही सगळे अंगणात होता तेव्हा मी इथे फोन धरून बसले होते. त्यानंतर दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे गेली, म्हणजे आता आपल्यात साडेचार तासांचं अंतर आहे. आजी, तू सहाला दिवा लावतेस तेव्हा इथे दुपारचा दीड असतो आणि मी शाळेच्या खानावळीत रांगेत असते. पावणेपाचच्या सुमारास इथे अंधारून यायला लागतं. पाऊस तर रोज. गावात म्हण आहे की मुन्स्टरमध्ये एक तर पाऊस पडतो, नाही तर चर्चच्या घंटा वाजतात, आणि दोन्ही एकदम झालं की समजायचं रविवार आहे.

आता त्या कचेरीचं सांगते, कारण अजून राग गेलेला नाही. कागदपत्रांसाठी एका खिडकीवर जायचं होतं, वेळ ठरवून दिलेली. दहा मिनिटं आधी पोचले, तर 'बाहेर थांबा, तुमची वेळ झालेली नाही.' वेळेवर आत गेले, तर त्या बाई माझा पासपोर्ट उलटसुलट करत राहिल्या. पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे. ते इथे माझंच दुसरं नाव समजतात. विम्याच्या कार्डावरही तसंच छापून आलंय. बाई म्हणाल्या, 'हे तर पुरुषाचं नाव आहे, मुलीला कसं?' मी सांगितलं, आमच्याकडे वडिलांचं नाव मधे लावतात. त्यांनी मान हलवली, 'ही काही पद्धत झाली का,' असं पुटपुटल्या आणि सगळे कागद माझ्याकडे सरकवले, परत भरून आणा म्हणून. माझं जर्मन तुटकं आहे, पण तेवढं मी धडपणे बोलले: हे माझ्या वडिलांचं नाव आहे आणि ते इथेच राहील. मग बाहेर येऊन पावसात सायकलीचं कुलूप उघडेना, तेव्हा रडू आलं. बाबा, त्या दिवशी फोनवर मी नुसतं 'काम झालं नाही' म्हणाले, ते हे.

हँडबॉलच्या क्लबात जाते, सतरा वर्षांखालच्या मुलींत. सराव साडेसात ते नऊ. शाळेत खेळाच्या तुकड्या फारशा नाहीत, खेळ म्हटलं की क्लब, आणि क्लब म्हणजे संध्याकाळ. चेंडू फेकणं मला अजून जमत नाही, पण हुलकावणी देऊन निसटणं जमतं. ते खो-खोचं पुण्य. प्रशिक्षिका म्हणाली, 'हे कुठे शिकलीस?'

परतताना शिंगाचा आवाज ऐकू येतो. सेंट लांबेर्टी चर्चच्या मनोऱ्यावर पहारेकरी असतो, मंगळवार सोडून रोज रात्री नऊ ते बारा, दर अर्ध्या तासाला शिंग फुंकतो. आग लागली किंवा शत्रू आला तर गावाला कळावं म्हणून मध्ययुगात सुरू झालेलं काम. 2014 साली ते पहिल्यांदा एका बाईला मिळालं. तीनशे पायऱ्या चढून रात्री एकटीने वर बसायचं आणि गाव झोपेपर्यंत जागायचं! मी त्या आवाजाशी थांबतेच.

दादा, तुझ्यासाठी एक माहिती. इथे मुलांनी एकट्याने सिनेमाला किती वाजेपर्यंत थांबायचं ते कायद्यात लिहिलंय. चौदा पूर्ण झाली की रात्री दहापर्यंत, सोळा झाली की बारापर्यंत. मी तो तक्ता दोनदा वाचला. त्यात वय आहे. मुलगा की मुलगी, ते कुठेच नाही.

छोटी

*

मुन्स्टर, जानेवारी

बाबा,

हे पत्र फक्त तुम्हाला. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजव्याने लिहितेय, म्हणून कागद सरकतो आणि ओळी वाकड्या येतात.

काय झालं ते नीट सांगते, कारण फोनवर आई रडत होती आणि तुम्ही ओरडत होता. सकाळी साडेसात, अजून काळोख; सूर्य इथे आता साडेआठला उगवतो. रात्री पाऊस पडून गोठला होता. असा बर्फ पांढरा दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. वळणावर चाक सरकलं. मागून येणाऱ्या दोघा मुलांनी सायकली टाकून मला उठवलं, एकाने आपला मफलर हाताला बांधला. मनगटाचं बारीक हाड मोडलंय. टोपी-हातमोजे होते, हेल्मेट होतं. डोक्याला काही नाही.

दवाखान्यात तीन तास लागले. इथली आई शेजारी बसून होती, पण तिने माझा हात हातात घेतला नाही. ती प्रेमळ नाही असं नाही, तिला ते सुचत नाही. रात्री खूप दुखलं. घरी असते तर आजी उशाशी बसली असती, तुम्ही दोनदा डोकावला असता, आईने मऊ भात करून तुपाची धार सोडली असती. इथे एक गोळी, पाण्याचा ग्लास आणि 'लागलं तर हाक मार.' मी हाक मारली नाही. उशीत तोंड खुपसून सांगलीला यायचं, सांगलीला यायचं, असं म्हणत राहिले. त्या रात्री कुणी तिकीट काढून दिलं असतं तर मी निघाले असते.

तुम्ही फोनवर म्हणालात, 'बास, आता सायकल बंद.' त्याच दुपारी इथली आई माझी वाकलेली सायकल ढकलत दुरुस्तीला घेऊन गेली. हँडल सरळ केलं, पुढचं टायर नवीन घातलं, खरबरीत नक्षीचं. पस्तीस युरो झाले, ते तिने दिले. मला म्हणाली, 'प्लास्टर निघालं की आपण दोघी रिकाम्या मैदानात जाऊ. ओल्या वळणावर ब्रेक लावायचा नसतो, ते दाखवते.'

बाबा, तुमचं प्रेम मला कळतं. पडल्यावर तुमचा आवाज ऐकला आणि मला जरा उभं राहता आलं. पण पडलेल्या मुलीला घरात बसवणं आणि पडलेल्या मुलीला वळण घ्यायला शिकवणं, या दोन्हीत काळजी सारखीच आहे. मला दुसरी हवी आहे. दादा मोटारसायकलवरून पडला तेव्हा तुम्ही त्याला नवीन हेल्मेट आणलं होतं. मला आठवतंय, मी तुमच्याबरोबर दुकानात होते.

इथे आता रोज हिरवी पालेभाजी शिजवतात, ग्र्युनकोल नावाची, थंडीत गोठून गेल्यावर गोड होते म्हणतात. मी त्यात लसूण आणि मिरची घालून वेगळी काढते. गरम असते, हेच खूप.

तुमची
छोटी

*

मुन्स्टर, मे

प्रिय सगळे,

आजीचा दुसरा डोळाही झाला हे वाचून बरं वाटलं. म्हणजे हे पत्र आजी, तू स्वतः वाच, मोठं अक्षर काढलंय.

शाळेची सहल बर्लिनला गेली होती. भिंत पाहिली, ब्रांडेनबुर्ग दरवाजा पाहिला. दुसऱ्या दिवशी पावसात भिजून राहत्या जागी आलो तर संध्याकाळच्या जेवणाला गरम टोमॅटो सूप होतं. दोन वाट्या प्यायले.

सध्या घरोघरी पांढरी शतावरी, म्हणजे श्पारगेल. बुधवार-शनिवारच्या बाजारात त्याच्या राशी असतात. 24 जूनला त्याची काढणी थांबते, म्हणून सगळे घाईने खातात. उकडून, लोण्याबरोबर. मला फिका लागतो, पण बटाटे गरम असतात.

मोठी बातमी म्हणजे आमच्या क्लबात मी खो-खो घेतला! मैदान खडूने आखलं, खांबांच्या जागी उंच उडीचे दोन स्टँड ठेवले, आठ जणींना एकीआड एक उलट तोंडं करून बसवलं. बसणंच जमेना! टाचा टेकून उकिडवं बसायची सवय नाही, पटापट मागे पडायला लागल्या. पाठलाग करणारीला मागे फिरायची बंदी आहे हे त्यांना पटेना. पण पहिला खो बरोबर पाठीवर पडला आणि बसलेली मुलगी उसळून सुटली, तेव्हा हॉलभर आरडाओरडा झाला. मी त्यांना सांगितलं की 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं आणि कर्णधार प्रियंका इंगळे आमच्या महाराष्ट्राची. त्यांनी लगेच फोनवर शोधून अंतिम सामना लावला. सगळ्या घोळका करून बघत होत्या. मला फार अभिमान वाटला, आणि लगेच आपलं मैदान आठवलं.

म्हणून आता जे लिहायचं होतं ते लिहिते. जुलैत मी येईन. गेल्या वर्षी मी खो-खो सोडला, कारण मोठ्या मुलींचा सराव सहा ते साडेआठ आणि मला घरात सातला असायचं होतं. मी तेव्हा 'अभ्यास आहे' म्हणून सांगितलं. तुम्हालाही ते बरं वाटलं. पण कारण संध्याकाळ होतं.

सांगली म्हणजे मुन्स्टर नाही, हे मला कळतं. आपल्याकडे सायकलीला वेगळी वाट नाही, कोपऱ्यावरचे दिवे बंद असतात, लोक टक लावून बघतात. त्यासाठी मी नीट विचार केलाय. मैदानापासून घरापर्यंत दुकानांचा रस्ता उजेडाचा आहे, लांबचा असला तरी मी त्यानेच येईन. आपल्या गल्लीजवळच्या दोघी तिथे येतात, त्यांच्या आयांशी आई बोलेल. सायकलीला पुढे-मागे दिवा असेल. उशीर होणार असेल तर आधी कळवीन. नऊला मी दारात असेन. अंधाराची भीती मला आजही वाटते. फक्त त्या भीतीतून रोज सायकल कशी चालवायची, ते मी या थंडीत शिकले.

दादाला तुम्ही 'कुठे होतास' विचारत नाही. मला विचारा, पण मग दोघांनाही सारखंच विचारा.

बाबा, याचं उत्तर फोनवर नको. फोनवर आपण दोघं पटकन चिडतो. बसून, विचार करून पत्र लिहा. 'हो' लिहिणार असाल तर माझी जुनी सायकल माळ्यावरून काढा आणि ट्यूब बदलून घ्या. 'नाही' लिहिणार असाल तर कारण लिहा, आणि तेच कारण दादाला लागू पडतं का, तेही लिहा.

तुमची
छोटी