सात्त्विक घरातील हृदयविकार

निर्व्यसनी माणूस हृदयविकाराच्या झटक्याने अकाली गेला, की प्रार्थनासभेतून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. ज्याने आयुष्यात तंबाखूला स्पर्श केला नाही, कंदमूळ खाल्ले नाही, सूर्यास्तानंतर अन्न घेतले नाही, त्याला बेचाळिसाव्या वर्षी हे का व्हावे? गिरगावातील जुन्या इमारतींपासून लालबागच्या दुकानांपर्यंत हा प्रश्न ऐकू येतो. कोणी पूर्वकर्माकडे बोट दाखवतो, कोणी धंद्यातील चिंतेकडे. अशा उत्तरांनी मनाला धीर मिळत असेल. परंतु मागे राहिलेल्या धाकट्या भावाने उद्या काय करावे, हे त्यांतून कळत नाही.

लालबागमधील एक धान्यव्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दोन भाऊ, एक बहीण, एकच दुकान. वडील पन्नाशीच्या आत गेलेले. ‘छातीत कळ आली’ एवढेच तेव्हा सर्वांना सांगितले गेले. पुढे थोरल्या मुलाने विम्यासाठी रक्त तपासले, तेव्हा एलडीएल कोलेस्टेरॉल २४० निघाले. त्याने तूप सोडले, तळलेले सोडले, आयंबिलाची ओळी केली. आकडा थोडा उतरला, पण दोनशेच्या खाली येईना. दुकानात बसून फरसाण खात असावा, अशी घरात कुजबुज सुरू झाली. तो मात्र खरेच काही खात नव्हता.

त्याच्या आकड्याचे कारण ताटात नव्हतेच. शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. रक्तात फिरणारे एलडीएलचे कण उचलून आत घेण्याचे काम यकृताच्या पेशींवरील रिसेप्टर नावाची प्रथिने करतात. गोदामाच्या दारावरचे निम्मे हमाल कामावरच नसतील, तर माल रस्त्यावर साचत राहतो; खरेदी थोडी कमी केली म्हणून रस्ता मोकळा होत नाही. काही माणसांत हे रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतःच सदोष असते. अमेरिकेतील टेक्सास येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात ही यंत्रणा उलगडून दाखवली आणि १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विकाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे कुटुंबात वारशाने चालत येणारे अतिकोलेस्टेरॉल, असे म्हणतात. जगभरच्या अंदाजानुसार सुमारे तीनशे माणसांमागे एकाला तो असतो. तो असलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

घराण्याचा वारसा रक्तात वाचता येतो, हे परळला नवे नाही. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिशय दुर्मीळ रक्तगट जगापुढे आणला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी जोडलेला हा शोध आज ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून सर्वत्र ओळखला जातो. तो अपत्यात उतरण्यासाठी आई व वडील या दोघांकडूनही तेच दुर्मीळ जनुक यावे लागते. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलाला मात्र एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो. दोन्ही पालकांना तो असेल, तर अपत्यात त्याचे अतितीव्र रूप उतरण्याची शक्यता एक चतुर्थांश असते आणि अशा मुलांना विसाव्या वर्षाच्या आतही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी २००० साली भारतीय रुग्णांत आढळलेले या जनुकातील दोन दोष प्रसिद्ध केले. अशाच एका दोषाला वैद्यकीय लेखनात ‘एफएच गुजरात’ असे नावच पडले आहे. पिढ्यान्‌पिढ्या लहान वर्तुळातच सोयरिकी जुळवणाऱ्या समाजांनी याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

जनुकांच्या अभ्यासातून आणखी एक मोठा लाभ झाला. हृदयरोग्याच्या रक्तात अनेक गोष्टी बिघडलेल्या दिसतात. त्यांतली रोग घडवणारी कोणती आणि केवळ रोगासोबत दिसणारी कोणती, हे ओळखणे कठीण असते. जनुके मात्र गर्भधारणेच्या क्षणीच ठरतात. आहार, धंदा, चिंता हे सारे नंतरचे. म्हणून जनुकांची साक्ष मोलाची ठरते. पीसीएसके९ या जनुकातील काही बदलांमुळे कोलेस्टेरॉल फार वाढते, हे २००३ साली फ्रान्समधील कुटुंबांच्या अभ्यासातून कळले. त्याच जनुकातील वेगळ्या बदलांमुळे काहींचे एलडीएल जन्मापासून कमी असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा कृष्णवर्णीय व्यक्तींचे एलडीएल सुमारे २८ टक्के कमी होते आणि त्यांच्यातील हृदयधमन्यांच्या विकाराचे प्रमाण तब्बल ८८ टक्के कमी होते. याउलट, ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणवले जाणारे एचडीएल एका जनुकीय बदलामुळे जन्मतः अधिक असलेल्यांना त्याचे विशेष संरक्षण मिळत नाही, असे २०१२ साली दिसून आले. आरोपींच्या पिंजऱ्यात एलडीएल ठामपणे उभे राहिले. ते कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या आज गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मिळतात आणि पीसीएसके९ला रोखणारी इंजेक्शनेही २०१५ पासून वापरात आली आहेत.

याचा अर्थ प्रत्येक हृदयविकार असा एकाच जनुकातून येतो, असे नाही. बहुतेकांच्या बाबतीत अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा असतो आणि त्यात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, गादीवर दिवसभर बसून राहणे यांची भर पडते. संयमी आहार वाया जात नाही. सदोष जनुक असलेल्यालाही त्याचा उपयोग होतोच. मात्र ‘शुद्ध शाकाहारी आहोत, म्हणजे तपासणीची गरज नाही’ ही समजूत घातक आहे. तसेच ज्याचा आकडा पथ्य पाळूनही उतरत नाही, त्याच्यावर असंयमाचा आळ घेणे हा अन्याय आहे.

खरी अडचण औषधाची नाही, अब्रूची आहे. त्या लालबागच्या घरात थोरल्याचा रिपोर्ट कपाटात कुलूपबंद होतो. कारण बहिणीसाठी स्थळे पाहणे चालू आहे. “सोयरीक ठरेपर्यंत दादाच्या रिपोर्टाचे कोणाजवळ बोलू नका,” असे आई सांगते. तिच्या बोलण्यामागे मायाच आहे. पण त्या मौनामुळे धाकटा भाऊ रक्त तपासत नाही. बहिणीलाही आपला आकडा कळत नाही आणि तिची मुले उद्या कोणत्या वारशासह जन्मतील, हेही कोणी पाहत नाही. उपचाराविना राहिलेल्या अशा पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. वेळीच सुरू केलेल्या औषधाने हा धोका पुष्कळ कमी होतो. तेव्हा ज्या घराने आकडा जाणून उपचार सुरू केले, ते स्थळ सदोष नव्हे, सावध मानावे.

करायचे फारसे अवघड नाही. वडील वा भाऊ यांना पंचावन्नच्या आत, अथवा आई वा बहीण यांना पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर घरातील सर्वांनी लिपिड प्रोफाइल करून घ्यावे. प्रौढाचे एलडीएल १९० वा त्याहून अधिक असेल, तर डॉक्टरांना कौटुंबिक विकाराबद्दल स्पष्ट विचारावे. टाचेच्या मागील शिरेवर किंवा बोटांच्या शिरांवर आलेल्या गाठी, पापण्यांजवळचे पिवळसर डागही दाखवावेत. एकाला विकार निघाला, तर भावंडांची आणि शाळकरी मुलांचीही तपासणी व्हावी. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने गोळ्यांविषयी आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चौविहार पाळणाऱ्याने रात्रीची गोळी परस्पर बंद करू नये. अनेक स्टॅटिन दिवसा कोणत्याही वेळी घेता येतात, म्हणून सूर्यास्तापूर्वीची वेळ ठरवून घ्यावी. पर्युषणातील उपवासांपूर्वीही हे विचारून ठेवावे.

व्यापारी घरे जुनी देणी लपवून नवी भागीदारी करत नाहीत, कारण लपवलेले देणे पुढच्या पिढीवर व्याजासह येते. आजोबा कशाने गेले, कोणत्या वयात गेले, काकांना आणि आत्याला काय झाले होते, हे घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना मोकळेपणाने सांगावे आणि लिहूनही ठेवावे. पूर्वजांकडून काय आले, ते कोणाच्या हाती नव्हते. ते कळल्यावर मुलांसाठी काय करायचे, हे मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे.