गवत माजले आहे

लॉन आणि गवत यांतला फरक मला आमच्या माळीबुवांनी समजावून सांगितला. ज्याला रोज पाणी घालावे लागते ते लॉन, ज्याला काहीच घालावे लागत नाही ते गवत. पुण्यात टँकर मागवून लॉन भिजवणारी माणसे मी पाहिली आहेत. गवतासाठी कुणी टँकर मागवल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून मी अंगणात गवत पेरले. मारवेल, थोडे पवन्या, कडेला वाळ्याचे चार ठोंब. सगळा घोटाळा 'पेरले' या शब्दाने झाला. आपोआप उगवले असते तर लोकांनी मला नुसते आळशी म्हटले असते. पण चांगला शहाणासुरता माणूस बी आणून गवत पेरतो म्हटल्यावर सौ.च्या माहेरून काळजीचे फोन आले.

कुसळी मात्र लावली नाही. गवत देखणे, पण बी शेपटीसकट येते. शेपूट भिजली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यात बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. जमीन नाही मिळाली तर पायमोज्यात शिरते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते म्हणतात. स्वतःच्या पायमोज्यातले काही केल्या सापडत नाही!

भाद्रपदात मारवेलला जांभळट तुरे आले. त्याच्या पेरापेराला पांढऱ्या केसांचे कडे असते. शेजारच्या निवृत्त इंजिनियरसाहेबांना मी ते भिंगातून दाखवले. ते म्हणाले, "यात साप होतात."

मग ठिपकेवाल्या मुनिया आल्या. चिमणीहून लहान पाखरू, पण आपल्याहून लांब पाते चोचीत धरून उडते. पाते माझ्या अंगणातले. घरटे मात्र साहेबांच्या कागदी लिंबावर! तेव्हापासून साहेब त्या झाडाखालून चप्पल हातात घेऊन जातात. सापांचा विषय पुन्हा निघाला नाही.

गवताचे खरे रसिक एकटे आमचे गवळीबुवा. फाटकातच थबकले. "मारवेल हाय न्हवं हे? म्हस तोंड वर काढायची न्हाई! फुकट कापून नेतो."

मी म्हटले, "पाखरे बी खाताहेत अजून."

"पाखरांचं होऊ द्या की. पन लई वाळवू नका. वाळल्यावर गोडी जाती."

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "दिवाळीपर्यंत विळा लावायचा नाही!"

मग दोघांनी कुंपणाशी उभे राहून तारीख ठरवली. मला कुणी विचारले नाही.