मनमाडमार्गे

रायपूर शहराच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाने उरला नावाची औद्योगिक वसाहत पसरली आहे. लोखंडाच्या भट्ट्या, रोलिंग मिला, सळयांचे ढीग, मालट्रकांच्या रांगा आणि सकाळी अंगणात झाडू मारला की हाताला लागणारी काळी पूड ही या वसाहतीची ओळख. नावाचा मूळ अर्थ काय, हे तिथल्या कोणालाच नीटसे ठाऊक नाही. परंतु मराठी माणसाच्या कानाला हे नाव प्रथम ऐकताना क्रियापदासारखे लागते. सगळे निघून गेले आणि कोणी एक उरला, असे काहीतरी.

एका रोलिंग मिलमध्ये डिस्पॅच क्लार्क म्हणून आलेल्या गृहस्थांच्या पत्नीने पहिल्याच पत्रावर पत्ता लिहिताना ही गंमत टिपली होती. “अहो, कोण उरला?” असे त्या पुढे कितीतरी वर्षे विचारीत असत, आणि ते दर वेळी तितक्याच गंभीरपणे “आपण दोघं” असे उत्तर देत. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, मुलगा रायपुरात नोकरीला लागला, ते स्वतः निवृत्त झाले. पण हा प्रश्नोत्तरांचा खेळ टिकून होता. 2018 सालच्या हिवाळ्यात त्या गेल्या. प्रश्न विचारणारे कोणी राहिले नाही. उत्तर मात्र आता एकवचनी झाले होते.

वसाहतीत त्यांना सगळे ‘काका’ म्हणत. बिहारी कामगार म्हणत, ओडिया म्हणत, समोरच्या किराणा दुकानाचे छत्तीसगढी मालकही म्हणत. याला कारण त्यांचा स्वभाव नव्हे. स्वभावाने ते तसे कोरडेच. कारण होते त्यांचे रेल्वेचे ज्ञान. गिरणीतून माल पाठवताना कोणत्या मार्गाने किती किलोमीटर, भाडे किती, वाघिणी कुठून वळणार, याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर केला होता. उरकुरा स्टेशनापासून एक फाटा रायपूरला न शिवता थेट सरोन्याकडे जातो. मालगाड्या तिकडून वळताना दिसल्या की ते म्हणत, “मालाला शहर बघायचं नसतं. त्याला पोचायचं असतं.” हे वाक्य त्यांच्या आवडीचे होते आणि बऱ्याच अंशी त्यांच्या जगण्याचेही.

सणासुदीच्या आधी त्यांच्या ओट्यावर माणसे तिकिटे घेऊन येत. संबलपूरला निघालेला एखादा मजूर विचारी, बिलासपूर-झारसुगुड्याच्या बाजूने जाऊ की महासमुंद-टिटलागढच्या? तिकिटावर एक मार्ग आणि गाडी दुसऱ्याच मार्गाची, असे झाले तर दंड होईल काय? काका चष्मा पुसत, वेळापत्रक उघडत आणि समजावून सांगत. तिकीट म्हणजे केवळ दोन गावांची नावे नव्हेत. त्या दोन गावांमधली एक ठरलेली वाटही त्यात असते. ती ‘व्हाया’ या शब्दापुढे, जंक्शनांच्या दोन-तीन अक्षरी खुणांनी छापलेली असते. भाडे सर्वसाधारणपणे जवळच्या मार्गाचे घेतात. लांबच्या मार्गाने जायचे असेल तर तसे आधी सांगावे, त्या मार्गाचे पैसे भरावेत. मग ती वाटही तितकीच आपली. न सांगता लांबच्या वाटेने गेलात, तर फरक भरावा लागेल.

आणखी एक गोष्ट ते आवर्जून सांगत. लांबच्या प्रवासाचे तुकडे करून तिकिटे काढू नका. अंतर वाढते तसा दर किलोमीटरचा आकार कमी होत जातो. म्हणून दोन तिकिटांपेक्षा एक सलग तिकीट स्वस्त पडते. आणि सलग तिकिटावर वाटेत थांबताही येते. पाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास असेल तर एकदा, हजाराहून अधिक असेल तर दोनदा. पहिला थांबा मात्र पाचशे किलोमीटर ओलांडल्यावर. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस सोडून दोन दिवस राहता येते. उतरल्या स्टेशनावर तिकिटावर तसा शेरा घ्यायचा. गाडी बदलण्यासाठी जंक्शनवर काही तास बसलात तर तो थांबा धरत नाहीत. हे सारे नियम त्यांना स्तोत्रासारखे पाठ होते. ऐकणारा माणूस मान डोलवी, आणि घरात चहा टाकता टाकता त्यांच्या पत्नीही ऐकत असत. निदान त्यांच्या कानावर ते पडत असे.

या दोघांचा स्वतःचा प्रवास मात्र वर्षानुवर्षे एकाच वाटेने झाला. पुण्याला आधी त्यांची आई होती, पुढे मुलगी. आझाद हिंद एक्स्प्रेस ही ठरलेली गाडी. रायपूर, गोंदिया, नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड. आणि मनमाडहून डावी घालून अहमदनगर, दौंड, पुणे. (अहमदनगरचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, तेव्हाच्या तिकिटांवर जुनेच नाव आहे.) मनमाडला वाटा फुटतात. एक नाशिक, इगतपुरी, कल्याणवरून मुंबईला उतरते. दुसरी दक्षिणेला वळते. ही दुसरी वाट 1878 साली धोंड-मनमाड रेल्वे म्हणून सुरू झाली. मुंबईहून येणारा लोहमार्ग त्याआधीच, 1867 साली नागपूरला पोचला होता. आणि नागपूरच्या पुढे छत्तीसगढात रुंद रूळ नेले ते 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने. म्हणजे रायपूरहून पुण्याला जाणारा प्रवासी एका रात्रीत तीन निरनिराळ्या काळांच्या, निरनिराळ्या लोकांनी आपापल्या हेतूंनी घातलेल्या रुळांवरून जातो. त्याच्या तिकिटावर त्या साऱ्यांचे मिळून एकच नाव असते.

काकूंचे माहेर नाशिकचे. पंचवटीत वाढलेल्या. मनमाडपासून नाशिक रोड सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर. गाडी मनमाडला येई ती रात्री. सगळा डबा झोपलेला असे, पण काकू जाग्या राहत. खिडकीची काच वर करून त्या फलाटापलीकडच्या रुळांकडे पाहत. आईवडील असेपर्यंत त्यांचे वेगळे जाणे-येणे होत होते. पुढे वाडा गेला, भाऊ पांगले आणि मुद्दाम नाशिकला जाण्याचे कारण उरले नाही. कारण नसले की जाणे होत नाही, असा त्या घराचा रिवाज होता. एक-दोनदा त्या म्हणाल्याही, “एकदा नाशकात उतरू या का? गोदावरीवर जाऊन येऊ नि मग पुढे जाऊ.” त्यावर उत्तर मिळे, “आपलं तिकीट दौंडमार्गे आहे.”

उत्तर खरे होते. तिकीट दौंडमार्गेच असे. काकूंनी पुन्हा विचारले नाही. ज्या माणसाकडे सारी वसाहत मार्ग विचारायला येते, त्याने मार्ग नाही म्हटल्यावर तो नसणारच, असे त्यांनी धरून चालले.

अस्थींचा प्रश्न निघाला तेव्हा शेजारणींनी राजिमचे नाव काढले. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा तिथे संगम. छत्तीसगढचा प्रयागच तो. सकाळी निघाले तर दुपारी परत. मुलालाही ते सोयीचे वाटले. काका काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी कपाटातून वेळापत्रक काढले आणि कागदावर आकडे मांडले. रायपूर ते नागपूर सुमारे तीनशे. नागपूर ते मनमाड पाचशे सत्त्याहत्तर. मनमाडहून दौंडमार्गे पुणे तीनशे तेराच्या आसपास. मग खाली दुसरा मार्ग मांडला: मनमाड ते कल्याण, कल्याणहून कर्जत, लोणावळा, पुणे. बेरीज केली, वजाबाकी केली.

फरक तीस-पस्तीस किलोमीटरचा होता.

एवढ्या अंतराला बाराशे किलोमीटरच्या तिकिटात पडणारा जादा आकार म्हणजे स्टेशनावरच्या दोन चहांचे पैसे. प्रवास हजाराच्या वरचा, म्हणजे दोन थांबे हक्काचे. नाशिक रोड साडेनऊशे किलोमीटरवर, म्हणजे पाचशेची अटही पुरी. नियमाने कुठेच आडकाठी केली नव्हती. तिकीट कल्याणमार्गे मागायचे, नाशिकला उतरायचे, दोन दिवस राहायचे, आणि त्याच तिकिटावर पुढे जायचे. नियम तेव्हाही तसाच होता. ओट्यावर बसून तो परक्या माणसांना त्यांनी कितीदा समजावून दिला होता! थेट गाडी सुटेल, कल्याणला सामान घेऊन गाडी बदलावी लागेल, रात्रीची झोप मोडेल, एवढीच काय ती अडचण. आणि ती अडचण त्यांची होती, रेल्वेची नव्हे. आपल्या गैरसोयीला त्यांनी नियमाचे नाव दिले होते. तो कागद त्यांनी बराच वेळ समोर ठेवला. बेरीज चुकली असती तर बरे झाले असते. ती चुकली नव्हती.

मुलगा म्हणाला, “बाबा, मी मोबाइलवर नाशिकपर्यंतचं वेगळं तिकीट काढतो. पुढचं पुढे बघू.” त्यांनी मान हलवून नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः रायपूर स्टेशनावर गेले, मागणीपत्र भरले आणि खिडकीशी उभे राहिले. रायपूर ते पुणे, कल्याणमार्गे, नाशिक रोडला थांबा. खिडकीमागच्या तरुणाने वर पाहिले. “सीधी गाड़ी है, बाबूजी. घूमके क्यों जा रहे हैं?” काका म्हणाले, “काम है.” तिकीट हातात आल्यावर त्यांनी ‘व्हाया’ पुढची अक्षरे बोटाने एकेक तपासून पाहिली.

मुंबई मेल रात्री मनमाडला थांबली. खालच्या बर्थवर ते जागे होते. उशाशी तांब्याचा लहान गडू, तोंडाला पांढरे फडके बांधलेला. बाहेर पिवळे दिवे, कोणी चहावाला, दूर शंटिंगचा आवाज. गाडी हलली आणि ज्या रुळांकडे त्या पाहत असत त्या रुळांवरून पुढे निघाली. इतकेच घडले. त्यात विशेष असे काही नव्हते; रोज शेकडो माणसे तिथून जातात.

नाशिक रोडला त्यांनी तिकिटावर शेरा घेतला. पहाटे रामकुंडावर विधी झाले. दुसरा दिवस त्यांनी पंचवटीत पायी हिंडण्यात घालवला. वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीखाली ते थोडा वेळ थांबले आणि एका मुलाने “कोण पाहिजे?” असे विचारल्यावर “कोणी नाही” म्हणून पुढे गेले. तिसऱ्या दिवशी नाशिक सोडले. कल्याणला गाडी बदलली. हमाल केला नाही, कारण सामान असे फारसे उरले नव्हते. घाटात तिकीट तपासनिसाने तिकीट हातात घेतले, शेरा वाचला, मार्ग पाहिला आणि काही न बोलता परत दिले.

उरल्यात परतल्यावर ओट्यावरची मैफल पुन्हा सुरू झाली. मार्गही बदलत गेले. 2021 च्या सुमारास गोंदियाहून नैनपूरवरून जबलपूरला जाणारा जुना छोटा रेल्वेमार्ग पूर्णपणे रुंद झाला, तेव्हा कटनीवरून फिरून जाणाऱ्यांना काकांनी नव्या नकाशावर जवळची वाट दाखवली. वेळापत्रक तेच, चष्मा पुसणेही तेच. फक्त एक प्रश्न नव्याने वाढला होता. पूर्वी माणूस आला की ते आधी “जायचं कुठे?” असे विचारीत आणि लगेच पान उघडीत. आता पान उघडण्यापूर्वी ते थोडे थांबतात. समोरच्याच्या घरची बाई सोबत आली असेल, तर तिच्याकडे पाहून विचारतात, “वाटेत कुठे उतरायचं आहे का?”