दहा दिवसांचे कुंपण

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात उगम पावणारी क्लॅमथ नदी कॅलिफोर्नियात प्रशांत महासागराला मिळते. अंडी घालायला समुद्रातून नदीत चढणारा सॅमन मासा म्हणजे तिच्या काठच्या युरोक आदिवासींचे मुख्य अन्न. पूर्वी केपेल येथे ते नदीत लाकडांचे कुंपण घालून मासे धरीत. दहा दिवसांनी मात्र ते मोडून टाकीत. वरच्या गावांचाही माशांवर हक्क होताच ना! पुढे विजेसाठी धरणे आली, ती कुणी मोडेना. शंभर वर्षे माशांची वाट अडली. २००२ साली उथळ, कोमट पाण्यात रोग पसरून हजारो सॅमन मेले. आदिवासी वर्षानुवर्षे झगडले. अखेर २०२४ पर्यंत चार धरणे पाडली गेली आणि त्याच शरदात सॅमन पुन्हा ओरेगॉनपर्यंत चढले.