क्लचवरचा पाय

आमच्या जुन्या अँबॅसडरचे इंजिन नवे बांधून तीन महिने झाले नाहीत, तोच क्लच दाबताच ते कण्हू लागले. जुन्या हुबळीतील मिस्त्रींना द्यावयाच्या नोटिशीचा मसुदा आम्ही मनात तयारही केला. त्यांनी पेडल दाबावयास सांगितले. पुढची पुली दिसण्याइतकी सरकली. जेथे पाव मिलिमीटरही अधिक, तेथे दीड भरले! (वकिलास याहून प्रत्यक्ष पुरावा तो कोणता?) क्लचचा रेटा मधल्या बेअरिंगजवळच्या अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशरांनी सोसावयाचा, ते पार झिजले होते. उलटे बसविले असतील, हा आमचा शेवटचा मुद्दा. परंतु तेलाच्या खाचा क्रँकशाफ्टकडेच होत्या.

“वकीलसाहेब, सिद्धारूढ मठाकडच्या गर्दीत पाय क्लचवरून उतरतो का? सतत रेटा असला की तेलाचा पापुद्रा टिकत नाही.”

परतताना आम्ही रिक्षात बसलो. डावा पाय तेथेही दाबलेलाच होता.