गाडी ओढत नाही

वऱ्हाडातल्या आमच्या पिढीच्या घरांत मोटार म्हणजे बहुतेक फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली खरी, पण अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्याच्या जठारपेठेत काय, तिला पद्मिनी म्हणणारा विरळा. चार सिलिंडर, १,०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगपाशी. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली. मालकाच्या नावावर असली तरी ती भावकीतल्या प्रत्येक लग्नाची आणि प्रत्येक बाळंतपणाची गाडी असायची. म्हणूनच बाबा नुसतं ‘ओढत नाही आज’ म्हणाले, की सगळं घर काळजीत पडायचं.

गाडी बंद पडणं वेगळं, न ओढणं वेगळं. न ओढणारी गाडी अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत सपाटीवर काही कळू देत नाही. तिची परीक्षा परतवाडा सोडल्यावर, चिखलदऱ्याच्या घाटात. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंच. तिथल्या विरळ हवेत धडधाकट इंजिनाचीही दहावा हिस्सा ताकद जाते. तेवढी सूट बाबा द्यायचे. त्याहून जास्त रेटावं लागलं, की मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसलेली आम्ही भावंडं गाणी थांबवून इंजिनाकडे कान लावायचो.

मिस्त्री यायचा आणि आधी दोनच गोष्टी विचारायचा. ‘पेट्रोल येऊन राह्यलं का? करंट येऊन राह्यला का?’ दोन्ही असलं तर मग कॉम्प्रेशन. हा क्रम त्यानं कधी मोडला नाही, कारण पहिल्या दोन गोष्टी पान्यानं आणि पॉलिश पेपरनं सुटायच्या. तिसरीत इंजिन उतरवावं लागे आणि घराचं महिन्याचं गणित कोलमडे.

मे महिन्यात बहुधा पेट्रोलच आडवं यायचं. फियाटचा पंप इंजिनाला चिकटलेला. पारा ४५च्या वर गेला की नळीतलं पेट्रोल उकळून वाफ व्हायची, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसायचा. मग आजीच्या जुन्या लुगड्याचा धडपा ओला करून पंपावर गुंडाळायचा आणि बाभळीच्या सावलीत थांबायचं. कापसाच्या हंगामात तऱ्हा निराळी. बैलगाड्यांनी उडवलेली काळ्या मातीची बारीक धूळ आणि जिनिंगजवळचं तूस एअर फिल्टरमध्ये बसायचं. इंजिनाला श्वासच पुरायचा नाही. पेट्रोल मात्र जास्त जळायचं, आणि मागून काळा धूर.

करंटची पाळी आली की खरी शाळा भरायची. इंजिन चालू ठेवून मिस्त्री एकेका प्लगची वायर काढायचा. वायर काढल्यावर आवाज बदलला, तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. कोणत्या वायरला आवाज बदलला नाही, हे आधी ओळखण्याची आमच्यात चढाओढ लागे. प्लग काढून हातावर घेतला की त्याचा रंगच बोलायचा. विटकरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. तेलकट काळा निघाला, की बाबांचा चेहरा उतरायचा: रिंगा झिजल्या. पॉइंट जळालेले असले तर ते घासून, गॅप लावून काम भागायचं. टायमिंग तो कानानंच जुळवायचा. ते कसब मी पुढे फार थोड्या हातांत पाहिलं.

पद्मिनी २००० सालाच्या सुमारास बंद झाली. त्याच सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या आल्या. अमरावती-अकोला रस्त्याचंही रूप पालटलं. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. आता मिस्त्रीची नातवंडं स्कॅनर लावून कोड वाचतात, आणि सेन्सर किंवा कॉइल बिघडली असेल तर ते फार झटपट सापडतं. याचा मला आनंदच आहे.

तरी घसरणारी क्लच प्लेट स्कॅनर सहसा दाखवत नाही. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळते, हे चालवणाऱ्यालाच कळावं लागतं. जाम झालेल्या ब्रेकचंही तसंच. थोडं अंतर चालवून उतरायचं आणि चारही चाकांजवळ, रिमला न टेकवता, हात नेऊन बघायचं. एकच चाक तापलेलं असेल तर इंजिनाला हात लावायची गरज नाही.