ठाण्याला गेलात तर

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांचा लेक, भाऊ नाहीतर जावई ठाण्याला नोकरीला असेल. सणासुदीला तिकडे जाणे होतेच. दुकाने पाहून झाली की एक दिवस राखून ठेवा. शहराच्या एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी.

येऊरला सकाळीच जावे. तिथे कारवी आहे, आपल्या कुडाच्या भिंतीचीच. आठ वर्षांतून एकदा ती जांभळी फुलते. २०२४ साली फुलली, आता २०३२ ला. म्हणजे घाई नाही!

खाडीवर मात्र पावसाळा सरताना जावे आणि ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. चिखलातून वीतभर काड्या हजारोंनी वर आलेल्या दिसतील. ती तिवराची मुळे. चिखलात हवा नाही, म्हणून श्वास घ्यायला वर येतात. पानावर बोट फिरवून चाखा, खारट लागेल. खारे पाणी पिऊन हे झाड मीठ पानावाटे बाहेर टाकते.

याच दिवसांत एकदा मी तिथे गेलो आणि पोटात गोळाच आला. तिवरेच्या तिवरे तपकिरी पडलेली, पानांची नुसती जाळी. बोंडअळीने नेलेले रान आठवले. जवळ जाऊन पाहतो तो अळ्याच अळ्या! ही अळी तुमच्या ओळखीची आहे. सागाची पाने चाळणीसारखी करते ना, तीच. पाठीवर पंप असता तर मी तिथेच फवारणी सुरू केली असती, खोटे कशाला सांगू?

बरे झाले, पंप नव्हता. तिथे मारलेले औषध सरळ पाण्यात जाते आणि त्या पाण्यावर खेकडे, कोळंबी, मासळी आणि ती धरणारे कोळी जगतात. शिवाय तिवर यातून मरत नाही. अळी कोशात जाते, पतंग होऊन उडते आणि काही आठवड्यांत झाडाला नवी पालवी येते. अळीची विष्ठा खाली पडून चिखलाला खतच होते. आपल्या कपाशीला हे परवडत नाही, तिचा हंगाम ठरलेला. तिवराला कसली घाई?

भीती अळीची नाही, माणसाची. “वाळलीच आहेत, तोडून टाका,” असे म्हणणारा तिथे भेटतोच. त्याला सांगा, २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला बंदी घातली आहे. आणि महिन्याने पुन्हा ये म्हणावे.

मी गेलो होतो दिवाळीनंतर. सगळे हिरवे. फक्त माझी एक चप्पल चिखलात राहिली, तेव्हा जुनीच घालून जा.